टण्, टण्, टण्… नांगरलेल्या बोटीवरच्या आवाजांचा इतिहास

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं नीट केली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं. जिथे आवाजाच्या क्लिप होत्या तिथे कंसात लिहिलंय.)

आजचा भाग जमलं तर हेडफोन लावून ऐका. सुरुवातच एका आवाजाने करायची आहे.

(क्लिप: टण्… टण्… टण्-टण्… टण्…)

पंधरा सेकंद झाले. तसा बरा वाटतो ना ऐकायला? लांबच्या देवळात कुणी लहान घंटा वाजवतंय असं. आता असं समजा की रात्रीचे दोन वाजलेत, तुम्ही एका शिडाच्या बोटीत अरुंद बाकावर आडवे झालात आणि हा आवाज तुमच्या डोक्यापासून दोन हातांवर चालू आहे. संध्याकाळी वारा सुटला तेव्हापासून चालू आहे आणि वारा पडेपर्यंत थांबणार नाही. एका तालात वाजला असता तर सवय तरी झाली असती. पण याचा ताल दर वेळी चुकतो, म्हणून मेंदू पुढच्या ‘टण्’ची वाट बघत जागा राहतो. घरात कधी गळका नळ असेल, तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला नीट कळलं असेल.

हा आवाज आहे डोलकाठीवर आपटणाऱ्या दोराचा. शीड वर चढवायचा दोर डोलकाठीच्या टोकापर्यंत जातो आणि खाली येतो. शीड उतरवलं की त्याला काही काम उरत नाही. मग वारा त्याला घेऊन डोलकाठी बडवत बसतो. आणि हा एकटा नाही. नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर रात्री अख्खी वाद्यवृंदाची बैठक असते. पुढे नांगराची साखळी दगडांवरून घासत गुरगुरते. मागे सुकाणू आपल्या बिजागरीत ठक-ठक करतं. बोटीच्या मागच्या भागाखाली पाणी चापट्या मारतं. आणि कुठल्यातरी कपाटात एक बाटली इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आता गंमत बघा. यातले सगळ्यात छळणारे आवाज अडीचशे वर्षांपूर्वीच्या जहाजांवर नव्हतेच. लाकूड करकरायचं, पंप कुरकुरायचा, ते सगळं होतं. पण टण्टण् नव्हती आणि साखळीची गुरगुर नव्हती. मग ते आले कुठून, कुणी आणले, आणि खलाशांनी त्यांना गप्प कसं केलं, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवते: हे आवाज म्हणजे सुरक्षिततेचं बिल आहे. जहाज जितकं मजबूत झालं, तितकं ते बोलकं झालं.

नांगर म्हणजे झोप

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. झोपेचं इतकं काय मोठं? माणूस समुद्रावर गेलाय, होईल थोडं जागरण.

एकट्याने किंवा दोघांनी बोट चालवणाऱ्यांना विचारा. आपल्या नौदलातले कमांडर दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबत २०१० च्या मे महिन्यात परत आले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ती बोटसुद्धा आपल्या इथलीच, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. अशा प्रवासात भर समुद्रात सलग झोप नसतेच, तुकड्या-तुकड्यांनी घ्यायची. पूर्ण झोप मिळायची जागा दोनच: एक बंदर, दुसरा नांगर. म्हणून नांगरावरची रात्र आवाजात गेली तर नुसती चिडचिड होत नाही. दुसऱ्या दिवशी खडकांमधून बोट काढणारा माणूस दमलेला असतो, आणि दमलेला माणूस चुकतो.

दोर: शांत आणि दगाबाज

आता मागे जाऊ. अठराव्या शतकात युरोपातल्या मोठ्या जहाजांचा नांगर दोराला बांधलेला असायचा. दोर अंबाडीसारख्या धाग्याचा, ज्याला ते हेम्प म्हणतात. दोर म्हणजे आपण बादलीला बांधतो तसा नाही हं. नेल्सनचं प्रसिद्ध जहाज ‘व्हिक्टरी’, त्याच्या नांगराच्या दोराचा घेर २४ इंच होता. घेर! म्हणजे साधारण आपल्या मांडीएवढा जाड. इतका जाड दोर रहाटाला गुंडाळताच येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी एक बारीक दोर फिरवायचे, जाड दोर त्याला जागोजागी बांधायचे आणि मग शेकडो हात मिळून नांगर वर ओढायचे.

हिंदी महासागरात याच कामाला आपला काथ्या होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला गेला, तिथल्या काथ्याबद्दल त्याने आवर्जून लिहून ठेवलंय. भारत आणि येमेनकडची जहाजं या दोरीने शिवलेली असतात, खिळे मारलेली नसतात, आणि शिवलेलं जहाज खडकाला लागलं तरी थोडं दबतं, लगेच फुटत नाही, असं त्याचं निरीक्षण. पुढे युरोपीय जहाजं इकडे आली तेव्हा त्यांनाही काथ्याचे दोर आवडले. दोन कारणं: काथ्या पाण्यावर तरंगतो आणि तो ताणला जातो. लाट आली की दोर लांबतो, लाट गेली की परत येतो. जहाजाला हिसका बसत नाही. आणि हिसका नाही म्हणजे दणका नाही, आवाज नाही. ही ताणाची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

म्हणजे दोर शांत होता. पण त्याच शांततेत धोका होता.

एप्रिल १७६८. फ्रेंच दर्यावर्दी बुगांव्हिल ‘बूदोझ’ आणि ‘एतुआल’ ही दोन जहाजं घेऊन ताहितीला पोचला. (या ‘एतुआल’वर पुरुषाच्या वेषात जान बारे नावाची एक बाई होती, जगाला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री. तिच्यावर एक वेगळा भाग करायचाच आहे.) बेट सुंदर, माणसं भेटायला आलेली, फळं, पाणी, सगळं उत्तम. फक्त नांगर टाकायची जागा वाईट. तळाला प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचे खडक. धार अशी की दोर त्यावर घासला की कापला जायचा.

विचार करा, हे कसं होतं. जहाज वाऱ्याने डोलतंय, दोर तळाशी थोडा थोडा सरकतोय, आणि वर कुणालाही काही ऐकू येत नाही. धागे एक एक करून तुटतायत. मग अचानक जहाज सुटतं आणि किनाऱ्यावरच्या खडकांकडे जायला लागतं. बुगांव्हिलने नऊ दिवसांत सहा नांगर गमावले. सहा! नांगर गेला की परत विकत मिळत नाही, ताहितीत लोहारशाळा नव्हती. नांगर संपले तर घरी जायचा रस्ताही धोक्यात. शेवटी तो तिथून निघाला. आणि पुढे १७७१ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने हळहळ व्यक्त केली की आमच्याकडे लोखंडी साखळ्या असत्या तर हे झालंच नसतं, इकडे येणाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणजे माणसाला आवाज करणारी साखळी हवी होती. मागून घेतलीय ती.

साखळी: मजबूत आणि बडबडी

ती दिली सॅम्युअल ब्राउन नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने. कल्पना त्याच्या आधीही होती, पण भरवशाची साखळी करणं अवघड. एक कडी कच्ची असेल तर सगळी साखळी फुकट. ब्राउनने १८०६ मध्ये ‘पेनेलपी’ नावाच्या जहाजावर लोखंडी साखळ्या बसवल्या आणि ते वेस्ट इंडीजला नेऊन आणलं. १८०८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. काही वर्षांतच थॉमस ब्रंटनने कडीच्या मधोमध आडवा दांडा घालायची पद्धत आणली, १८१३ चं पेटंट. त्यामुळे कडी ताणाखाली चपटी होत नाही आणि साखळी गुंतत नाही. मोठ्या जहाजांच्या साखळीची कडी आजही तशीच असते, बंदरात कधी गेलात तर बघा.

ब्राउनच्या साखळीवर विश्वास किती? त्याने तिच्यासारख्याच लोखंडी दुव्यांवर टांगलेला पूल बांधला. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीवर, १८२० मध्ये. तो ‘युनियन ब्रिज’ आजही उभा आहे आणि त्यावरून गाड्या जातात.

तर साखळी आली. प्रवाळ तिला कापू शकत नाही. शिवाय ती जड, त्यामुळे तळावर पडून राहते आणि बोटीपासून तळापर्यंत एक झोळ पडतो. हलका वारा आला की आधी तो झोळ उचलला जातो, नांगराला हिसका बसत नाही. छान. पण साखळीचा एक गुण असा की ती काहीच पोटात ठेवत नाही.

(क्लिप: पाण्याखालून ऐकू येणारी खरखर, मध्येच दणका)

लहानपणी दोन रिकाम्या काडेपेट्या आणि मध्ये दोरा बांधून फोन केलाय ना? दोरा सैल असेल तर काही ऐकू येत नाही, ताणला की पलीकडची कुजबुज कानात. साखळीचं तेच होतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात दीड हजार, आणि पोलादात जवळपास पाच हजार. तळावर एखादी कडी दगडावरून घसरली की तो आवाज ताणलेल्या साखळीतून वर येतो आणि बोटीच्या पुढच्या टोकात उतरतो. आणि बऱ्याच छोट्या बोटींत झोपायची जागा नेमकी कुठे असते? पुढच्या टोकात! साखळीचा कप्पा तुमच्या पायाशी, मध्ये एक फळी. दुसऱ्या काडेपेटीत तुम्ही झोपलाय.

जुन्या खलाशांनी मात्र या बडबडीचा उपयोग करून घेतला. रात्रीचा पहारेकरी साखळीवर हात ठेवायचा. नांगर घट्ट बसला असेल तर हाताला वेगळं जाणवतं, नांगर तळावर घसरत असेल तर थरथर आणि धक्के येतात. जोडीला आणखी एक साधी युक्ती होती: एक जड शिशाचा गोळा दोरीला बांधून तळाला सोडायचा आणि दोरी थोडी सैल ठेवायची. जहाज मागे सरकलं की दोरी तिरकी होते. ताहितीत जी बातमी मिळत नव्हती, ती आता हाताला आणि कानाला मिळत होती.

म्हणून साखळीच्या आवाजाला नुसता ‘त्रास’ म्हणायला माझं मन होत नाही. तो त्रास आहेच, पण तो निरोपही आहे.

डोलकाठीचा ढोल

आता सुरुवातीच्या ‘टण्’कडे येऊ. हा आवाज साखळीपेक्षा बराच तरुण आहे.

लाकडी डोलकाठीवर सुती किंवा तागाचा दोर आपटला तर ‘थप्’ होतं आणि विरून जातं. लाकूड आवाज गिळतं. १९३० साली अमेरिकेत ‘एंटरप्राइज’ नावाची शर्यतीची बोट बनली, अमेरिका कप या प्रसिद्ध स्पर्धेसाठी. तिची डोलकाठी ड्युरॅल्युमिनची, म्हणजे विमानं बनवायला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. आतून पोकळ, वजनाला हलकी. डोलकाठी हलकी म्हणजे बोट कमी कलते, जास्त शीड पेलते. ‘एंटरप्राइज’ जिंकली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम स्वस्त झालं आणि हळूहळू साध्या लोकांच्या छोट्या बोटींवरही धातूच्या नळ्या उभ्या राहिल्या. त्या कुजत नाहीत, तडकत नाहीत, दर वर्षी वार्निश लागत नाही. फक्त दहा-पंधरा मीटर लांब पोकळ नळीला बाहेरून दोर बडवतोय, म्हणजे ते काय झालं? घंटाच की! वर आतमधून दिव्याच्या आणि रेडिओच्या वायरी जातात, त्या आतून बडवतात. आणि बोटीचं अंगसुद्धा जाड लाकडाऐवजी पातळ फायबरग्लासचं झालं. म्हणजे घंटेखाली ढोल.

याच्या जोडीला एक सूर असतो. वारा वाढला की ताणलेल्या तारा गुणगुणतात. चेनेक स्त्रोउहाल नावाच्या झेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याचा हिशोब मांडला. वारा तारेला ओलांडून जाताना मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे छोटे भोवरे सोडतो, आणि त्या भोवऱ्यांचा वेग ठरतो वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर. मोजायचा कच्चा नियम सोपा आहे: वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी, गुणिले ०.२. आता ८ मिलिमीटर जाडीची तार घ्या आणि ताशी ३६ किलोमीटर वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. उत्तर येतं २५०. सेकंदाला २५० कंपनं. पेटी वाजवणाऱ्यांनो, मधल्या सप्तकातली पांढरी एक साधारण २६१ ची असते. म्हणजे तुमची बोट पांढरी एकच्या जरासं खाली सूर लावून बसलीय. वारा दुप्पट झाला की तीच तार वरच्या सप्तकात जाते. जुने खलाशी तारांच्या सुरावरून वारा किती चढला ते ओळखायचे, त्यात जादू काही नाही, हाच हिशोब आहे.

गप्प करायच्या युक्त्या

बरं, मग उपाय काय? मला यातली मजा अशी वाटते की जवळजवळ सगळे उपाय फुकट आहेत आणि जवळजवळ सगळे दोरीचेच आहेत.

डोलकाठीवर आपटणारा दोर: त्याला डोलकाठीपासून लांब ओढायचं आणि बाजूच्या तारेला बांधून टाकायचं. एक वीतभर रबरी दोरीचा हूकसुद्धा पुरतो. दोर नुसता घट्ट ताणून भागत नाही, हे महत्त्वाचं. ताणलेला दोर वाऱ्यात अजून जोरात थरथरतो. त्याला अंतर द्यायला हवं. अनेक मरीनांमध्ये, म्हणजे खासगी बोटी ठेवायच्या बंदरांमध्ये, दोर बांधून जाणं हा लेखी नियमच असतो, कारण पाण्यावरून आवाज लांब जातो आणि तुमची घंटा शेजारच्यांना ऐकावी लागते.

डोलकाठीच्या आतल्या वायरी: डोलकाठी आडवी केलेली असेल तेव्हा वायरीला ठरावीक अंतरावर प्लॅस्टिकचे टाय बांधायचे आणि त्यांची शेपटं कापायचीच नाहीत. तीन दिशांना तीन शेपटं. ती आतल्या भिंतीला टेकतात आणि वायर मधोमध तरंगत राहते. आपण एरवी जी शेपटं कापून फेकतो, तीच इथे कामाची.

गुणगुणणारी तार: तिच्याभोवती एक दोरी लांब-लांब फेऱ्यांनी गुंडाळायची. भोवरे एका तालात सुटेनासे होतात आणि सूर मोडतो. कारखान्यांच्या उंच पोलादी चिमण्यांच्या वरच्या भागावर वळसे घेत जाणारी पट्टी पाहिलीय? तीही याच कामासाठी असते. तिथे सूर ऐकू येतो म्हणून नाही, तर त्या थरथरीने चिमणी खिळखिळी होते म्हणून.

सुकाणू: मधोमध आणून दोरीने बांधून ठेवायचं. मात्र बांधल्यावरही ठक-ठक येत असेल तर बिजागरी झिजलीय असं समजायचं. तिथे आवाज दाबून झोपू नका, सकाळी पाना घ्या.

आणि ती कपाटातली बाटली: एक मोजा. बाटलीला मोजा घाला. लागोपाठ तीन बाटल्या असतील तर तीन मोजे. याला इतिहास नाही, पण उपयोग आहे.

आता राहिली साखळी. तिची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तिच्यावरचा उपाय एका वेगळ्याच दुकानातून आला.

सुंभाचा पीळ

२७ ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीने नायलॉनची घोषणा केली. आधी दात घासायच्या ब्रशचे केस, मग १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. आणि लगेच महायुद्ध. सगळं नायलॉन सैन्याकडे गेलं. पॅराशूट झाले, आणि इंजिन नसलेली ग्लायडर विमानं ओढायचे दोर झाले. ग्लायडरला ओढताना दोर कडक असेल तर पहिल्याच हिसक्यात काहीतरी तुटतं. नायलॉन रबरासारखा ताण घेतो आणि परत येतो, म्हणून तो निवडला.

युद्ध संपलं, दोर बाजारात आले, आणि बोटवाल्यांच्या लक्षात आलं: अरे, आपल्याला हेच तर हवं होतं!

आज जवळपास प्रत्येक जाणता बोटवाला हे करतो. नांगर साखळीवर टाकायचा. मग काही मीटर लांबीचा नायलॉनचा दोर घ्यायचा, एक टोक साखळीला हुकाने किंवा गाठीने अडकवायचं, दुसरं बोटीच्या मजबूत खुंटाला. आणि साखळी अजून थोडी सोडायची, इतकी की हूक आणि बोट यांच्यामधली साखळी सैल लोंबायला लागेल. आता बोटीचा सगळा ओढा नायलॉनवर. याला स्नबर म्हणतात. लाट आली की दोर ताणला जातो, दणका बसत नाही. आणि काडेपेटीच्या फोनचा दोरा मध्येच मऊ झाला, त्यामुळे तळावरची खरखर वर येताना बरीचशी तिथेच जिरते.

बघा हं, काय झालं ते. खाली जिथे खडक आणि प्रवाळ आहे तिथे बुगांव्हिलला हवी होती ती साखळी. वर जिथे माणूस झोपलाय तिथे काथ्यासारखा ताणला जाणारा दोर. काथ्याच्या दोरीला आपण सुंभ म्हणतो, आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना? एरवी हे खोडीने म्हणायचं, इथे कौतुकाने म्हणते. दोर गेला, साखळी आली, आणि दीडशे वर्षांनी दोर आपल्या गुणासकट परत येऊन साखळीच्या शेजारी बसला.

कुठला आवाज ठेवायचा?

स्नबरमुळे एक प्रश्न मात्र परत उभा राहतो. साखळीचा निरोपच आता वर पोचत नाही. मग नांगर घसरला तर कळणार कसं?

याचं उत्तर तुमच्या खिशात आहे. फोनवरची नांगराची अॅप जीपीएसने बोट कुठे आहे ते बघत राहतात आणि ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेली की बोंब मारतात. पण हेही अलीकडचं. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, १०० मीटरपर्यंतची. नांगरलेली बोट फिरते तीस-चाळीस मीटरच्या वर्तुळात. १०० मीटर चुकणाऱ्या यंत्राला ती घसरली की नाही ते काय कळणार? ती चूक काढून टाकली आणि त्यानंतर हा गजर कामाचा झाला.

म्हणजे माणसांनी नको तो आवाज बंद केला आणि हवा तो मुद्दाम तयार केला. हे पूर्वीही होत होतंच. जोशुआ स्लोकम, एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणारा पहिला माणूस, १८९५ ते १८९८. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री नांगर टाकून झोपताना तो डेकवर सतरंजीला ठोकायचे छोटे खिळे टोक वर करून पसरून ठेवायचा. तिथल्या माणसांशी त्याच्या चकमकी झाल्या होत्या. अर्थात पाणी त्यांचं होतं आणि पाहुणा हा होता, तेही ध्यानात ठेवू. एका रात्री अनवाणी पाय डेकवर पडले आणि जो आरडाओरडा झाला त्याने स्लोकम जागा झाला. पहाऱ्याला दुसरा माणूस नाही, मग आवाजालाच पहाऱ्यावर ठेवलं.

आणि एक आवाज तर कायद्याने करावा लागतो. समुद्रावर जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दाट धुक्यात नांगरलेल्या जहाजाने दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद भरभर घंटा वाजवायची. १२ मीटरपेक्षा छोट्या बोटीला घंटेची सक्ती नाही, पण दर दोन मिनिटांनी काहीतरी ठळक आवाज करायलाच हवा. मग थाळी बडवा. त्या रात्री तुमची झोप महत्त्वाची नाही, धुक्यातून येणाऱ्याला तुम्ही आहात हे कळणं महत्त्वाचं.

मला या सगळ्या इतिहासातून एक साधी शिस्त दिसते. आवाज आला की आधी त्याला ओळखायचं, मग ठरवायचं. डोलकाठीवरचा दोर तुम्हाला काहीच सांगत नाहीये, त्याला खुशाल बांधा. सुकाणूची ठक-ठक झीज सांगतेय, तिला बांधा आणि सकाळी बघा. साखळीची गुरगुर तळाची बातमी आणतेय, तिला स्नबर लावा, पण आधी तिच्या जागी दुसरा पहारेकरी नेमा. तिन्ही आवाज रात्री दोन वाजता सारखेच छळतात, म्हणूनच ही वर्गवारी दिवसाउजेडी, चहा पिताना करून ठेवायची. ताहितीत सहा नांगर गेले ते दोर काहीच बोलला नाही म्हणून. आपल्याला शांतता हवीय, पण ती आपण निवडलेली असावी.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कुणी मच्छीमार कुटुंबातले असाल, नांगरावर रात्र काढलेले असाल, तर तुमच्याकडे या आवाजांना काय शब्द आहेत ते व्हॉइस नोट करून पाठवा, आपण पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि आज रात्री पंख्याचा कटकट आवाज आला तर एकदा उठून बघा, तो नुसताच बडबडतोय की स्क्रू ढिला झालाय म्हणून सांगतोय.

भेटू पुढच्या भागात. शुभ रात्री.